नाउसिका की मोनोनोके? मियाझाकीचं एकच जंगल, दोन शेवट

रानवाट
जपानी दिग्दर्शक हायाओ मियाझाकीचे अॅनिमेशनपट 'नाउसिका ऑफ द व्हॅली ऑफ द विंड' (१९८४) आणि 'प्रिन्सेस मोनोनोके' (१९९७) या आठवड्यात लागोपाठ पाहिले. दोन्ही आधी पाहिलेले होते, पण मध्ये बरीच वर्षं गेली होती. एकामागोमाग एक बघितल्यावर जाणवलं, की हा माणूस तीच गोष्ट तेरा वर्षांनी पुन्हा सांगतोय आणि पहिल्या खेपेला दिलेला दिलासा दुसऱ्या खेपेला काढून घेतोय.

(पुढे दोन्हींचे शेवट फोडले आहेत. न पाहिलेल्यांनी इथूनच परत फिरावं.)

साम्यं बघा. दोन्हींत खवळलेलं जंगल. दोन्हींत जंगलाच्या बाजूनं उभी राहणारी मुलगी: तिकडे नाउसिका, इकडे लांडग्यांत वाढलेली सान. दोन्हींत एक हुशार, कणखर बाई, जिच्या शब्दावर माणसं जीव टाकतात आणि जिचा एक हात गेलाय: तिकडे चढाई करून आलेली कुशाना, इकडे लोखंडाच्या गावची प्रमुख एबोशी (तिचा शेवटी जातो). आणि दोन्हींत आग लागते ती माणसानं प्राण्याला केलेल्या जखमेतून. तिकडे आकड्यांना लटकवलेलं ओमू या महाकाय किड्याचं पिल्लू, इकडे पोटात लोखंडी गोळी घेऊन सैरावैरा धावणारा रानडुक्कर नागो.

फरक शेवटात आहे. नाउसिका विषारी जंगलाच्या तळाशी पोचते तेव्हा तिला कळतं, की ही झाडं माणसानं नासवलेली माती आणि पाणी शुद्ध करताहेत. म्हणजे जंगल आपल्या भल्याचंच काम करत होतं. पुढे ती मरते, ओमू तिला सोनेरी तंतूंवर उचलून धरतात, ती उठते, आणि जुनं भाकीत खरं ठरतं. मोनोनोकेत अशी सोय नाही. अरण्याचा देव शिशिगामी, त्याचं तोडलेलं मुंडकं परत दिलं तरी तो कोसळतो. डोंगर हिरवे होतात, पण ते जुनं अरण्य गेलं ते गेलंच. नागोशी लढताना शाप लागलेल्या तरुण आशिताकाला सान सांगते, तू मला आवडतोस, पण माणसांना मी माफ करू शकत नाही. तो म्हणतो, चालेल. तू अरण्यात राहा, मी लोखंडाच्या गावात राहतो, भेटायला येत जाईन.

माझं मत: मोनोनोके जास्त खरा आहे. नाउसिका आपल्याला दोष न देता सोडून देतो.

नाउसिका की मोनोनोके, हे विचारायला कारणही आहे. आमच्या गावच्या वाचनालयात मी आठवी-नववीच्या मुलांना महिन्यातून एक सिनेमा दाखवते. सुट्टी लागायच्या आधी एकच होईल. मला मोनोनोके दाखवावासा वाटतोय. पटत नसेल तर भांडा.

निशाचर
मोनोनोके. डोळे मिटून.

पाणकावळा
ताई, आठवीच्या मुलांना? आशिताकाचा एक बाण सामुरायचे दोन्ही हात तोडून नेतो आणि पुढच्या बाणाला मुंडकं उडतं. सिनेमा थोर आहे, वाद नाही. पण पालकांना आधी कल्पना द्या.

तांबडी माती
मी धातुशास्त्रवाला, त्यामुळे माझा जीव एबोशीच्या गावात अडकतो. तो भाता नुसता देखावा नाही. जपानमध्ये, विशेषतः चुगोकूच्या डोंगरांत, लोहवाळूपासून लोखंड काढायची ती खरीखुरी पद्धत होती. नदीच्या वाळूत आणि डोंगराच्या मातीत लोखंडाचे कण असतात. मातीची भट्टी उभारायची, त्यात थरावर थर लोहवाळू आणि लाकडी कोळसा ओतत राहायचा आणि भाता दिवसरात्र चालू ठेवायचा. गावातल्या बायका सांगतात की हे काम सलग चार दिवस, पाच रात्री चालतं. भाता थांबला की भट्टी गार, मेहनत मातीत. म्हणून त्या गात गात पाय मारतात आणि पाहुण्या आशिताकालाही तिथे उभं करतात.

आता कोळसा कुठून येणार? झाडांतून. वाळू कुठून? डोंगर धुऊन. म्हणजे एबोशी दुष्ट आहे म्हणून अरण्य तोडत नाही. लोखंड काढायचं म्हटलं की अरण्य जाणारच, हे त्या कामातच आहे. नाउसिकात ही बाजू येतच नाही. तिथे जग बेचिराख करणारं युद्ध, 'सात दिवसांची आग', हजार वर्षांपूर्वीच होऊन गेलेलं. पाप आधीच्यांचं, भोगणारे आताचे. पवनचक्क्यांच्या त्या खोऱ्यातली माणसं तशी निरागसच आहेत. मोनोनोकेत आग लावणारे आपल्यासमोर जेवतात, हसतात, गाणी म्हणतात. रानवाट यांच्याशी सहमत.

ओंजळभर
मी असहमत, आणि जरा लांबण लावणार आहे.

रानवाट, तुम्ही नाउसिकाचा शेवट 'सोय' म्हणून बाजूला ठेवलात आणि त्या नादात सिनेमातला सगळ्यात मोलाचा प्रसंग तुमच्या हातून सुटला. किल्ल्याच्या तळघरातली ती खोली आठवा. बाहेर ज्या झाडांच्या श्वासानं माणसं मरतात, तीच झाडं या मुलीनं चोरून वाढवली आहेत. खोल विहिरीचं पाणी आणि त्याच विहिरीच्या तळाची माती वापरून. आणि तिथे ती झाडं विषारी होत नाहीत. आपल्या गुरूला, युपाला, ती सांगते की झाडांत विष नाहीच, मातीत आहे. जंगलाच्या तळाशी पोचायच्या कितीतरी आधी हे तिनं स्वतःच्या हातांनी शोधून काढलंय. वडील विषानं अंथरुणाला खिळलेत, त्यांना आणि गावाला उपाय सापडावा म्हणून. तिचं भाकीत खरं ठरतं ते नंतर. आधी ती प्रयोग करते.

आणि त्याच खोलीत ती विहिरीचं पाणी बंद करून टाकते. रोपं आता मरतील. कारण थोड्याच वेळापूर्वी, वडिलांना मारलेलं बघून तिनं सैनिकांना कापून काढलंय. युपा मध्ये पडला आणि तिच्या तलवारीचं टोक त्याच्या हातात घुसलं तेव्हा ती भानावर आली. ती युपाला म्हणते, मला माझीच भीती वाटते. हे सोडून देणं आहे का हो? जी मुलगी पुढे ओमूच्या कळपासमोर निःशस्त्र उभी राहते, तिनं स्वतःच्या हातून माणसं मारलेली आहेत. आशिताकाच्या हातात शाप शिरतो तो बाहेरून. नाउसिकाचा राग तिचा स्वतःचा आहे.

मोनोनोकेत सान आणि एबोशी दोघीही शेवटपर्यंत काही शिकत नाहीत. एबोशी निदान 'पुन्हा पहिल्यापासून चांगलं गाव उभारू' म्हणते. सान तेवढंही नाही.

रानवाट
तळघराचा मुद्दा बिनतोड. पण सान शिकत नाही हे नाही पटत. जखमी आशिताकाला चावता येत नाही, तेव्हा ती वाळलेलं मांस स्वतः चावून त्याच्या तोंडात घालते. ज्या प्रजातीचा तिला तिटकारा आहे तिच्यातल्या एकाला. आणि आशिताकाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येतं. एवढ्या मोठ्या लढायांच्या सिनेमात मला सगळ्यात आधी आठवतो तो हा प्रसंग. ती शिकते, पण माफ करत नाही. माफ न करण्याचा हक्क तिला ठेवलाय, हेच मला आवडतं.

सदाफुली
अवांतर, पण कुणीतरी सांगायलाच हवं. नाउसिकाला आवाज देणाऱ्या सुमी शिमामोतो यांनीच मोनोनोकेत तोकीला आवाज दिलाय. तोकी म्हणजे एबोशीचा सरदार गोन्झा याला आणि स्वतःच्या नवऱ्याला झापणारी ती भात्यावरची बाई. आणि नाउसिकाचा साथीदार असबेल आणि आशिताका, दोघांचा आवाज एकच, योजी मात्सुदा. हे कळल्यावर पुन्हा बघा. नाउसिका यावेळी भट्टीच्या बाजूला उभी आहे!

तांबडी माती
हे माहीत नव्हतं. झकास.

निशाचर
अवांतरात भर. नाउसिकातलं ते बारक्या मुलीच्या आवाजातलं 'रान, रान, रारारान' संगीतकार जो हिसाइशींच्या मुलीनं, माईनं, गायलंय. तेव्हा ती जेमतेम चार वर्षांची. मियाझाकी-हिसाइशी जोडीचा तो पहिलाच सिनेमा. मला नाउसिकाचं संगीत कच्चं वाटतं, त्यातले सिंथेसायझर ऐंशीच्या दशकात अडकलेत. पण लहानग्या नाउसिकाच्या हातून मोठी माणसं ओमूचं पिल्लू हिसकावून घेतात त्या आठवणीत हाच आवाज येतो, तिथे माझी बोलती बंद होते.

पाणकावळा
संगीतात मोनोनोके कितीतरी पुढे. त्याचं शीर्षकगीत गाणाऱ्या योशिकाझू मेरा या गायकाचा आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा बाई गातेय असंच वाटलं होतं.

दूरदेशी
तोक्योजवळून लिहितोय. दोन्ही सिनेमांमागे जपानमधल्या दोन खऱ्या जखमा आहेत, त्या इथे यायला हव्यात.

नाउसिकामागे मिनामाता. क्यूशूमधल्या या उपसागरात चिस्सो कंपनीच्या कारखान्यातून पारा मिसळलेलं सांडपाणी वर्षानुवर्षं सोडलं गेलं. ते माशांत गेलं, मासे खाणाऱ्यांच्या मेंदूत गेलं. आजाराची अधिकृत नोंद १९५६ ची. पुढे तिथली मासेमारी थांबली आणि माशांचे थवे वाढले. ही गोष्ट कळल्यावर मियाझाकी हादरले होते, असं त्यांनीच सांगितलंय. माणूस जे ओकला ते पोटात घेऊन जगणारी सृष्टी, ही विषारी जंगलाची कल्पना तिथून आलीय.

मोनोनोकेमागे कुष्ठरुग्ण. एबोशीच्या मागच्या बागेत बँडेजमध्ये गुंडाळलेली माणसं बंदुका बनवतात, ती आठवतात ना? मियाझाकींच्या घरापासून फार लांब नाही असं तामा झेनशोएन नावाचं कुष्ठरुग्णालय आहे, हिगाशिमुरायामात. सिनेमाच्या विचारात असताना ते तिथे गेले होते. आता त्या आवारात कुष्ठरोगाचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. मी जाऊन आलोय. रुग्णांना सक्तीनं आत ठेवायचे. घरच्यांना त्रास नको म्हणून कित्येकांनी खरं नाव टाकून दुसरं घेतलं. औषध सापडून दशकं उलटल्यावरही तो कायदा तसाच होता. रद्द झाला १९९६ मध्ये. सिनेमा आला १९९७ मध्ये. जपानमधल्या प्रेक्षकासाठी ती बाग सिनेमातल्या मुरोमाची काळातली, म्हणजे शेकडो वर्षांपूर्वीची नव्हती, कालचीच होती.

वरोरेकर
दूरदेशी, तुमचा प्रतिसाद वाचून लिहावंसं वाटलं. मी आनंदवनाच्या शेजारच्या गावातला. लहानपणी तिथे झडलेल्या बोटांचे हात मागावर, सुतारकामात, शेतात चालताना पाहिलेत. बाबा आमट्यांनी या माणसांना दान न देता काम दिलं, हे आमच्याकडे पोरासोरालाही ठाऊक असतं. त्यामुळे पलंगावरचा तो म्हातारा आशिताकाला विनवतो ना, की या बाईंना मारू नको, आमचं सडलेलं अंग कुणी हातात घेऊन धुतलं असेल तर यांनी, तिथे मी एबोशीचाच होऊन जातो. तिला खलनायिका म्हणणाऱ्याशी माझं जमत नाही. पण तिनं दिलेलं काम बंदुका बनवायचं आहे, हेही तितकंच खरं. तिथेच हा सिनेमा मला धरून ठेवतो.

ओंजळभर
वरोरेकर, यावर माझ्याकडे उत्तर नाही. कुशानाच्या बाजूनं असं बोलणारा कुणीही नाउसिकात नाही, हे मान्य.

घाटमाथा
आमच्याकडे देवराईतली वाळकी काटकीसुद्धा घरी आणत नाहीत. शिशिगामीचं अरण्य म्हणजे मला देवराईच वाटली. मोनोनोके म्हणूनच आपल्या माणसाला लगेच भिडतो.

ओंजळभर
घाटमाथा, दिसायला सारखं, पण आत फरक आहे. देवराईचा देव राईची राखण करतो, काटकी उचलणाऱ्याला शासन करतो. शिशिगामी कुणाचीच राखण करत नाही. त्याचं पाऊल पडतं तिथे गवत, फुलं उगवतात आणि पाऊल उचललं की त्याच जागी सुकून जातात. आशिताकाची गोळीची जखम तो भरून काढतो, शाप मात्र तसाच ठेवतो. लांडगी मोरो (सानची आई) आणि रानडुकरांचा म्होरक्या ओक्कोतो त्याच्यासाठी लढून अर्धमेले झालेले, त्यांचे प्राण तो उलट काढून घेतो. त्याच्याकडे नवस बोलून उपयोग नाही.

घाटमाथा
हे खरं. पण आमच्या देवराईचा देवही सगळ्यांनाच पावतो असं नाही.

कागदवेडा
कुणीच मांगाबद्दल बोललं नाही याचं आश्चर्य वाटतंय. नाउसिका मुळात मियाझाकीनं 'अॅनिमेज' मासिकात १९८२ पासून काढलेली चित्रकथा. सिनेमा आला तेव्हा कथेची नुसती सुरुवात झाली होती. ती संपली १९९४ मध्ये, सात खंड. आणि शेवटाकडे तो सिनेमातला सगळा दिलासा उलथून टाकतो. ते शुद्धीकरण करणारं जंगलसुद्धा जुन्या माणसांनीच घडवलेलं निघतं. आणि जग शुद्ध झाल्यावर आताची माणसं त्यात जगणारच नाहीत, कारण त्यांची शरीरं विषाला सरावलेली आहेत. हे कळल्यावर नाउसिका त्या जुन्यांची योजनाच मोडून टाकते. जगायचं तर मळलेल्या जगातच, हे ठरवून.

म्हणजे रानवाट ज्याला मोनोनोकेचा प्रामाणिकपणा म्हणताहेत तो तेरा वर्षांनी अचानक आलेला नाही. तो बारा वर्षं कागदावर, नाउसिकाच्याच गोष्टीत शिजत होता. मांगा संपली, तीन वर्षांनी मोनोनोके आला. माझ्या लेखी खरी तुलना मांगा आणि मोनोनोकेची. १९८४ चा सिनेमा हा पहिला खर्डा.

सदाफुली
'खर्डा' शब्दाला सक्त विरोध! पण सिनेमाच्या शेवटाबद्दल एक गोष्ट सांगते. मियाझाकीच्या मनात गोष्ट नाउसिका धावत्या ओमूंसमोर उतरते तिथेच संपत होती. निर्माते इसाओ ताकाहाता आणि तेव्हा 'अॅनिमेज'मध्ये असलेले तोशिओ सुझुकी यांना ते अपुरं वाटलं. तिनं मरावं आणि पुन्हा उठावं, हे त्यांच्या आग्रहानं झालं. सुझुकींनी हे सांगितलेलं आहे. मियाझाकीला तो धार्मिक चित्रासारखा शेवट नंतरही सलत राहिला. तेव्हा रानवाट, तुमची तक्रार खुद्द दिग्दर्शकाचीच आहे.

निशाचर
तेच सुझुकी ज्यांनी मोनोनोकेच्या वेळी अमेरिकन वितरकाला तलवार पाठवून 'एकही काट नाही' असं बजावलं? भारी माणूस.

कागदवेडा
तेच. आणि त्या तलवारीचं कारण नाउसिकाच. १९८५ मध्ये अमेरिकेत तिची वीसेक मिनिटं कापून, नावं बदलून 'वॉरियर्स ऑफ द विंड' म्हणून लावला होता. पोस्टरवर नाउसिका कुठेतरी मागे आणि पुढे सिनेमात नसलेले पुरुष.

दूरदेशी
चित्रांबद्दलही बोलूया. नाउसिका आला तेव्हा मियाझाकींचा स्टुडिओ जिबली अस्तित्वातच नव्हता, तो १९८५ चा. टॉपक्राफ्ट नावाच्या स्टुडिओत तो झाला. शेवटी वितळत कोसळणारा महायोद्धा तरुण हिदेआकी आन्नोनं काढलाय. ओमूच्या अंगाचे पट्टे वेगवेगळे कापून मागून रबरानं जोडले आणि ते ताणत-सोडत चित्रित केलं, म्हणून तो खरंच सरपटतो. मोनोनोकेत जवळजवळ १,४४,००० सेल (पारदर्शक पत्र्यांवरची चित्रं), त्यांतल्या ८०,००० च्या आसपास चित्रांवर मियाझाकीनं स्वतः हात फिरवलेला. आणि तरी मला ओमूचं सरपटणं नागोच्या अंगावरच्या वळवळत्या किड्यांपेक्षा जास्त जिवंत वाटतं.

तांबडी माती
ताईंचा मूळ प्रश्न राहिला. मुलांना कोणता?

पाणकावळा
नाउसिका. तिच्यात मुलांना धरायला हात आहे. मोनोनोकेच्या शेवटी तेरा-चौदा वर्षांचं पोर विचारणार, मग बरोबर कोण होतं? काय सांगणार?

ओंजळभर
मीही नाउसिकाच म्हणेन, तळघराच्या खोलीसाठी. आपल्याकडच्या मुलींना प्रयोगवहीतली नायिका किती वेळा दिसते?

रानवाट
सगळ्यांचं वाचलं. मला मोनोनोके का हवाय ते नीट सांगितलं नव्हतं, आता सांगते.

वाचनालयात येणाऱ्या निम्म्या मुलांचे वडील गावाजवळच्या एका कारखान्यात आहेत. त्याच कारखान्याचं पाणी आमच्या ओढ्यात येतं. हंगामात वास इतका असतो की वाचनालयाच्या मागच्या खिडक्या लावून घ्याव्या लागतात. पर्यावरण दिनाला ही मुलं निबंधात 'माणसाने निसर्गावर अत्याचार केला' असं लिहितात आणि संध्याकाळी तो 'माणूस' डबा घेऊन घरी येतो. यांना नाउसिका दाखवली तर ती तिच्या बाजूला बसतील आणि टाळ्या वाजवतील. कुशाना परकी आहे, चिलखतातली आहे, विमानातून आलेली आहे. एबोशीच्या गावातल्या बायकांत मात्र त्यांना आपली आई दिसेल. वरोरेकर म्हणाले तसं, तो म्हातारा बोलायला लागला की त्यांना बाजू घेता येणार नाही. पाणकावळा, 'बरोबर कोण होतं' हा प्रश्न त्यांनी विचारावा म्हणूनच दाखवायचाय. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही आणि मुलांपुढे तसंच सांगेन. हातबित तुटण्याबद्दल पालकांशी आधी बोलेन, ते तुमचं बरोबर आहे.

पाणकावळा
हे आधी लिहिलं असतंत तर मी नाउसिका सुचवलाच नसता. दाखवा.

ओंजळभर
दाखवा. पण मग दुसऱ्या दिवशी त्यांना ओढ्यावर न्या. पीएच मोजायच्या कागदी पट्ट्या स्वस्त मिळतात. ओढ्याचं, हातपंपाचं आणि विहिरीचं पाणी वेगवेगळ्या बाटल्यांत घेऊन तारीख टाकून वहीत लिहायला लावा. माझी नाउसिका एवढ्यावरही खूश होईल. पट्ट्या मी पाठवते, व्यक्तिगत निरोप करा.

कागदवेडा
भाषेचं काय? इंग्रजी सबटायटल्स या मुलांना पेलतील का? १३३ मिनिटं वाचत बसणं अवघड आहे.

रानवाट
जपानीच लावते आणि मध्ये थांबवून मराठीत सांगते. आतापर्यंत तसंच केलंय, मुलांना सवय आहे. पण त्या म्हाताऱ्याचं बोलणं आणि मोरो आशिताकाला रात्री गुहेबाहेर जे सुनावते ते, हे दोन्ही थांबवून सांगण्यात मजा जाईल. आधीच मराठीत लिहून पानं वाटली तर? मोरोचं मी करते. म्हाताऱ्याचं कुणी घेईल का?

वरोरेकर
म्हाताऱ्याचं माझ्याकडे. आमच्या बोलीत केलं तर चालेल ना? रविवारपर्यंत देतो.

रानवाट
चालेल काय, तसंच हवंय. दूरदेशी, वरोरेकरांचं झालं की मूळ जपानीशी ताडून बघाल?

दूरदेशी
हो, पाठवा. मोरोचंही पाठवा. तिचा मूळ आवाज अकिहिरो मिवा या पुरुष कलाकाराचा आहे. तेव्हा मराठीत तिला गोड करू नका.